राजाभाऊंची जीभ आणि जांभळा चहा

अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा अलीकडे, राजेंद्र शेजवळ नावाचे गृहस्थ राहतात. त्यांना राजेंद्र म्हणणारी माणसं आता फक्त बँकेत उरली आहेत. बाकी सगळ्यांचे ते राजाभाऊ. उंची बेताची, पोट बेताबाहेर आणि वय चौसष्ट. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी एकतीस वर्षं रोज सातशे माणसांचा स्वयंपाक केला. त्या सातशेंपैकी एकानंही कधी जेवण चांगलं म्हटलं नाही, कारण कँटीनच्या जेवणाला नावं ठेवली नाहीत तर युनियनची वर्गणी वाया गेल्यासारखं वाटतं. पण राजाभाऊंच्या जिभेला मात्र कधी कोणी नाव ठेवलं नाही.

जीभच तशी होती. डाळ खाली लागली आणि आचाऱ्यानं वरची वरची हळूच दुसऱ्या पातेल्यात काढली, तरी राजाभाऊ पळीभर चाखून विचारायचे, "कुणाचा फोन आला होता रे?" पाण्याच्या एका घोटावर ते जांभूळ गावाकडून नळाला आलेलं की टँकरचं, हे सांगायचे. मेव्हण्याकडे एकदा भाकरीचा तुकडा मोडून म्हणाले, "तुमच्या आधी गिरणीत कुणीतरी मेथ्या दळल्यात." मेव्हणा खरंच गिरणीत जाऊन विचारून आला. मेथ्याच दळल्या होत्या. मेव्हणा तेव्हापासून त्यांना जेवायला बोलावत नाही.

त्यामुळे समाजात एक पद्धत पडून गेली. लग्न असो, नामकरण असो की गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, पंगत बसायच्या आधी राजाभाऊंना पातेल्यावर न्यायचं. आचारी झाकण उघडणार. यजमान हात जोडून उभा राहणार. राजाभाऊ तळहातावर रस्सा घेऊन चाटणार, डोळे मिटणार, टाळूला जीभ लावून टक् असा आवाज काढणार आणि म्हणणार, "मीठ, चिमूटभर." मग चिमूटभर मीठ पडायचं आणि पंगत बसायची. या विधीला कुठल्या ग्रंथात आधार नाही. पण उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत राजाभाऊंची टक् ऐकल्याशिवाय यजमानाच्या जिवाला स्वस्थता मिळत नसे.

आता खरं सांगायचं तर ही जीभ चार वर्षांपूर्वीच वारली होती.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत शेजवळांचं घर एकामागून एक आडवं झालं. चव आणि वास तिघांचेही गेले. यशोधराबाईंचा वास नवव्या दिवशी परत आला, तोही शेजाऱ्यांच्या सुक्या जवळ्याचा. मुलीचा, प्रीतीचा, पंधराव्या दिवशी आला. राजाभाऊंचा येईना. "तुमची आली का हो चव?" यशोधराबाई रोज विचारायच्या. तिसऱ्या आठवड्यात राजाभाऊ वैतागून म्हणाले, "आली." आज ना उद्या येणारच आहे, दोन दिवस आधी सांगितलं तर काय बिघडलं, असा त्यांचा विचार. ती काही आली नाही. साखर आणि मीठ यांतला फरक कसाबसा कळे, मिरची झोंबे, बाकी सगळा ओला पुठ्ठा. बोंबील भाजला तरी पुठ्ठा, हापूस कापला तरी पुठ्ठा.

एकदा घरात कोणी नसताना त्यांनी गरम मसाल्याच्या डब्यात नाक खुपसून जोरात श्वास घेतला. अकरा शिंका आल्या. वास आला नाही. मग ते ओट्याला टेकून खाली बसले आणि रडले. माणसाचा हात गेला तर लोक भेटायला येतात, केळी घेऊन येतात. जीभ गेली हे कुणाला सांगणार, आणि सांगितलं तर राजाभाऊ म्हणून उरणार काय, या विचारानं ते रडले. उल्हासनगरच्या एका डॉक्टरांकडे ते चोरून गेलेही. डॉक्टर म्हणाले, धीर धरा आणि रोज लवंग हुंगत जा. तेव्हापासून राजाभाऊंच्या खिशात लवंग असते. यशोधराबाईंना वाटतं, यांची दाढ दुखते.

सोंग वठवायला त्यांनी दोन नियम केले. बाहेर पातेल्यावर नेलं की मीठ चिमूटभर. हे कधीच चुकत नाही, कारण आपल्या स्वयंपाकात काहीतरी कमी आहे ही धास्ती प्रत्येक यजमानाला असतेच. आणि घरात रोज काहीतरी खोड काढायची. ज्याला चव कळते तो कौतुक करत नाही, अशी लोकांची समजूत आहे. त्यामुळे यशोधराबाईंचं कालवण रविवारी आंबट, सोमवारी कच्चट, मंगळवारी मसाला वर तरंगतोय. त्या माऊलीनं चार वर्षांत दोनदा मसाल्याचं प्रमाण बदललं, एकदा मसाला कुटायचा डंख बदलला आणि शेवटी आईच्या हातचं वाटण सोडून बाजारचं आणलं. राजाभाऊ म्हणाले, "बाजारच्याची सर नाही आईच्या वाटणाला."

अशी गाडी बरी चालली होती. मग प्रीतीनं टारो बबल टी काढला.

प्रीती सत्तावीस वर्षांची. कल्याणकडच्या एका मॉलमध्ये बबल टीच्या काउंटरवर तीन वर्षं होती. काउंटर बंद झालं. दोन ठिकाणांहून नोकरीसाठी फोन आले, तर तिनं दोन्हीकडे नाही म्हणून सांगितलं आणि घरी येऊन जाहीर केलं की ती स्वतःचा स्टॉल टाकणार. राजाभाऊंचा चुलतभाऊ प्रमोद, त्याचं शिवमंदिराच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. महाशिवरात्रीच्या गर्दीत तो शटर पाडून घरी झोपतो. दुकानापुढे टेबल लावायला त्यानं हो म्हटलं होतं.

"सीन असा आहे पप्पा," प्रीती म्हणाली, "मॉलमध्ये आम्ही जो टारो विकायचो ना, त्यात टारो नावालाच. सगळी पावडर. ती तर आता गल्लीगल्लीत मिळते. आपण खऱ्या टारोचा करायचा. टारो म्हणजे काय माहितीये? आपली अळकुडी."

"अळकुडीचा चहा?" राजाभाऊ पाटावरून उठले. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"लोक लाइन लावून पितात, पप्पा. दूध, थोडा चहा, अळकुडीचा गोड लगदा आणि खाली साबुदाण्याच्या पिठाचे काळे मोती. जाड स्ट्रॉनं ओढायचं. मला करायला सगळं येतं, फक्त चव नाही ठरवता येत. पावडरीची सवय झालीये मला. मॉलमध्ये कुणाकडे तुमच्यासारखी जीभ नव्हती. चव तुम्ही पास करायची, बाकी मी बघते."

लग्नात मीठ चुकलं तर शिव्या यजमानाला बसतात आणि चार दिवसांत लोक विसरतात. इथं पोरीनं हातच्या दोन नोकऱ्या सोडल्या होत्या आणि जी जीभ तिला भांडवल वाटत होती, ती जागेवरच नव्हती. आता सांगून टाकावं, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात प्रीती म्हणाली, "माझा सगळा भरवसा त्या जिभेवर आहे." त्यांनी तोंड मिटलं.

नमुना म्हणून तिनं उल्हासनगरातून एक तयार ग्लास आणला. रंग अंगणवाडीच्या भिंतीला देतात तसा जांभळा. राजाभाऊंनी डोळे मिटून स्ट्रॉ ओढली. एक मोती सुसाट वर आला तो थेट घशात, आणि पुढची दोन मिनिटं पाठीत धपके खाण्यात गेली. चव म्हणाल तर गार ओला पुठ्ठा.

"कशी वाटली?" प्रीतीनं विचारलं.

"विचार करावा लागेल," राजाभाऊ डोळे पुसत म्हणाले.

मग त्यांनी एकच धंदा सुरू केला. लोकांना विचारत सुटायचं, की बाबांनो, टारोची चव असते तरी कशी? उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये घनश्याम लुल्ला म्हणून इसेन्स आणि कस्टर्ड पावडरीचे व्यापारी आहेत, कँटीनला माल त्यांच्याकडूनच यायचा. लुल्लांनी गल्ल्यावर बसल्या बसल्या कपाळावर बोट टेकवलं. "देखो साईं, बिस्कुट दूध में गिर गया और निकालना भूल गये, वैसा टेस्ट." हे खऱ्या अळकुडीचं करणार म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. "कचालू? कचालू का तो टुक बनता है. दो बार तलो, मसाला मारो, दाल के साथ खाओ. चाय में कचालू डाला तो मेरी अम्मा ऊपर से चप्पल फेंकेगी."

जांभूळची गोदूबाई आठवड्यातून तीनदा अंबरनाथच्या बाजारात कंद घेऊन बसते. तिनं तर राजाभाऊंकडे डॉक्टरीणबाई पाहतात तसं पाहिलं. "अलकुडीची चव? अलकुडीला चव असती तं आमी मसाला कशाला घातला असता?" आणि दुधात घालणार हे ऐकल्यावर, "दुधान? डोक्यावं परलाव का भाऊ? चिच घाला चिच, नायतं नरडा खाजंल." पण अळकुड्या तिनं चांगल्या निवडून दिल्या, आणि जांभळा रंग पाहिजे तर कोनफळ न्या, म्हणून एक कोनफळही गळ्यात मारलं.

घरी यशोधराबाईंनी प्रीतीच्या ग्लासातला उरलेला घोट घेतला होता. त्या भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "पावडर लावलेल्या तान्ह्या बाळाला हुंगल्यासारखं वाटतं. मला नाही आवडलं. पण परत एक घोट घ्यावासा वाटतो." हे उत्तर सगळ्यांत नेमकं होतं. पण चव सांगणं हे खातं त्या घरात यशोधराबाईंकडे नव्हतं, म्हणून ते ऐकूनही कुणी ऐकलं नाही.

मग प्रयोगांना सुरुवात झाली. पहिल्या दिवशी साबुदाणा मिक्सरला लावून पीठ केलं, गुळाचं पाणी घालून मळलं आणि तिघांनी बसून वाटाण्याएवढ्या गोळ्या वळल्या. पाणी पुरतं उकळायच्या आत गोळ्या सोडल्या, त्या विरघळून पातेलंभर खळ झाली. यशोधराबाईंनी ती वाया न घालवता तीन सुती साड्यांना लावली. दुसऱ्या दिवशी पाण्याला खळखळून उकळी येऊ दिली आणि गूळही उकळता घातला, तेव्हा मोती जमले. काळपट, चकचकीत, दाताखाली रबरासारखे. राजाभाऊंना चव नसली तरी दात होते. मोती त्यांनी अगदी मनापासून पास केले, चार वर्षांत पहिल्यांदाच खरं बोलून.

अळकुडीचा दिवस आला तेव्हा घोटाळा झाला. प्रीती दूध आटवत होती, राजाभाऊ कंद घोटत होते. सगळं एका पातेल्यात आलं आणि राजाभाऊंचा हात आपोआप डाव्या बाजूच्या वाटीकडे गेला. अळू म्हटलं की चिंच. एकतीस वर्षं हात तेच करत आला होता, त्याला काय माहीत पातेल्यात फतफतं नाही, म्हशीचं दीड लिटर दूध आहे. चिंचेचा कोळ पडला आणि दूध फाटून त्याचे जांभळे गोळे वर आले.

"पप्पा!" प्रीती किंचाळली.

"बघत होतो," राजाभाऊ म्हणाले, "फाटतं का."

"चिंच बंद. एकदम बंद. नीट शिजवली की अळकुडी खाजत नाही, मी वाचलंय."

ते खरंच होतं. फक्त नीट शिजली, हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी प्रीतीनं सोसायटीतल्या पंधरा माणसांना संध्याकाळी चहा चाखायला बोलावलं. बाहेर पॅसेजमध्ये खुर्च्या टाकल्या, लोक येऊन बसलेसुद्धा. फुकट म्हटल्यावर वेळेवर येण्याची आपल्याकडे चाल आहे. आत स्वयंपाकघरात कुकरमध्ये अळकुडी होती. कंद शिजला की नाही हे राजाभाऊ आयुष्यभर शिट्टीच्या वासावरून सांगत आले होते. झाकण उघडायची गरजच पडत नसे.

"पप्पा, झाली?" प्रीतीनं विचारलं.

राजाभाऊंनी नाक वर केलं. नाकात काहीच नव्हतं. "काढ," ते म्हणाले, "शिजली."

कंद, कोनफळ, गूळ, दूध आणि चहाचा अर्क असं सगळं मिक्सरमधून निघालं, त्यात राजाभाऊंच्या सांगण्यावरून चिमूटभर मीठ पडलं, बर्फ पडला, खाली मोती गेले. रंग फिका जांभळा, दिसायला देखणा. पहिला ग्लास रिवाजाप्रमाणे राजाभाऊंच्या हातात आला. ते ओट्याशी उभे राहिले, डोळे मिटले आणि अर्धा ग्लास एका दमात ओढून टक् केली. "एक नंबर. वाढ."

प्रीती ट्रे भरू लागली. राजाभाऊंनी उरलेला ग्लासही संपवला, आणि तेव्हा ते झालं.

जिभेच्या मुळाशी काहीतरी लागलं. मिरची झोंबते तसं नव्हे. बारीक, टोचरं, जिवंत असं काहीतरी. मग ते टाळूला लागलं. मग घशात. राजाभाऊ हातातला ग्लास धरून तसेच उभे राहिले. चार वर्षांत तोंडात नवं असं काही घडलं नव्हतं, आणि आता घडत होतं. टारोची चव कुणालाच धड सांगता आली नव्हती. मग हीच ती असणार. जीभ परत येत होती! "लागतंय," ते म्हणाले. "प्रीती, लागतंय गं मला!" एवढा आनंद त्यांना प्रीती जन्मली तेव्हाच झाला असेल. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात टेम्पोभर अळू चिरलं, त्याला हे काय आहे ते पहिल्या क्षणाला कळायला हवं होतं. पण आशेपुढे शहाणपण चालत नाही.

"काय लागतंय?" म्हणत प्रीतीनं चमचाभर तोंडात घातलं. दहा सेकंदांत तिनं बेसिनमध्ये थुंकलं. "पप्पा, हे खाजतंय! कच्ची आहे अळकुडी!"

खाज. राजाभाऊंच्या हातातला ग्लास ओट्यावर टेकला. घसा आता दाभण फिरवल्यासारखा टोचत होता, ओठ फुगायला लागले होते, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. यशोधराबाईंनी धावत येऊन चिंचेचा गोळा त्यांच्या तोंडात कोंबला. "चोखा. गिळू नका. नुसतं चोखा."

प्रीतीनं बाहेर जाऊन दूध नासलं म्हणून सांगितलं. लोक आशेनं आणखी थोडा वेळ बसले आणि मग गेले. ती परत आली तेव्हा राजाभाऊ पाटावर बसले होते.

"ठीक आहे, खाज नंतर लागते, तुमचा काय दोष," ती म्हणाली. पळवाट आयती समोर होती. "शिजवायचं मी बघते. पण चव बरोबर आहे ना, पप्पा? गूळ, मीठ, सगळं? ते फायनल करून टाकते. महाशिवरात्रीला मला त्याच चवीवर उभं राहायचंय."

राजाभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. चिंच गालात सारली. "मला माहीत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मला चव लागत नाही, प्रीती. वासही येत नाही. कोविडपासून. तुझी आली, मम्मीची आली, माझी आलीच नाही. मी खोटं बोललो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते खाजेचं की कशाचं, हे त्यांनी सांगितलं नाही. "तुझा स्टॉल माझ्या जिभेवर टाकू नकोस. तिथं काही नाहीये."

प्रीती त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. तिनं त्यांचा हात धरला. यशोधराबाईंनी ओट्यावरची चिंचेची वाटी झाकून ठेवली. मग वळल्या.

"चार वर्षं?"

"हो."

"चार वर्षं चव नव्हती?"

"नव्हती."

"मग माझं कालवण आंबट झालं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" यशोधराबाईंचा आवाज चढला. "कच्चट कुणी ठरवलं? मसाला तरंगतोय म्हणालात ते कशावरून? अहो, माझ्या आईचं वाटण सोडलं मी! डंखवाल्याशी भांडण केलं! रात्र रात्र विचार करायचे, माझ्या हाताला झालंय काय म्हणून. आणि इथं जीभच नव्हती!"

राजाभाऊंनी चिंच चोखली.

"तुम्हाला चव नाही हे कळलं असतं तर मी रडले असते, चार घास भरवले असते," यशोधराबाई म्हणाल्या आणि आता त्याही रडत होत्या. "एवढं तोंड उघडता आलं नाही तुम्हाला?" मग त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि राजाभाऊंच्या ओठांना तूप लावलं. जरा जोरातच लावलं.

त्या संध्याकाळी ठरलं की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जायची नाही. प्रीतीनंच तसं वचन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अळकुडी सालासकट चिंचेच्या पाण्यात शिजवली, पाणी फेकलं, साल काढून कंद तीन पाण्यांनी धुतला, म्हणजे खाजही गेली आणि दुधाला चिंच लागायचं कारणही उरलं नाही. शिजलेल्या कंदाचा पहिला तुकडा राजाभाऊंनी खाल्ला. चव कळत नसली तरी खाज कळते, हे आता सिद्ध झालं होतं. घड्याळ लावून ते दहा मिनिटं गप्प बसले. "नाही खाजत," ते म्हणाले. ग्लास तयार झाला. प्रीतीनं तो उचलला आणि आईपुढे धरला.

"मम्मी, तू सांग."

"मी?" यशोधराबाईंनी हात पुसले. छत्तीस वर्षांच्या संसारात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले नाहीत, टक् केली नाही. भाजी निवडतात तशा शांतपणे चार घोट घेतले. "गूळ जास्त आहे, कंद दबलाय खाली. कोनफळ अर्धं कर, मातीचा वास मारतो. चहा आणखी थोडा कडक पाहिजे. आणि हे मीठ कुणी घालायला सांगितलं? काढ ते."

प्रीती लिहून घेत होती. तिसऱ्या ग्लासाला यशोधराबाईंनी मान हलवली. राजाभाऊ पाटावर बसून हे सगळं बघत होते. ज्या जागी आपण उभे असायचो त्या जागी दुसरं माणूस पाहणं सोपं नसतं. मग त्यांनी हळूच विचारलं, "कशी लागते गं?"

यशोधराबाईंचा राग काही उतरला नव्हता. चार वर्षांचा राग एका रात्रीत कुठला उतरायला. तरी त्या म्हणाल्या, "प्रीतीच्या वेळी मी बाळंतीण होते तेव्हा तुम्ही तांदळाची पेज करायचात, आठवते? वर साय धरायची. त्यात गूळ विरघळला की लागायची ना, तशी. आणि गिळल्यावर मागून भाजल्या शेंगदाण्याचा वास येतो, अगदी जरासा."

राजाभाऊंना पेज आठवली. ते पितळी पातेलं आठवलं, ती साय आठवली. आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. चार वर्षांनी सुटलं. त्यांनी ते गुपचूप गिळलं.

महाशिवरात्रीला रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रमोदच्या शटरपुढे टेबल लागलं, 'खऱ्या अळकुडीचा बबल टी' असा बोर्ड लागला. लोक येऊन विचारायचे, उपवासाला चालतो का? साबुदाणा चालतो, दूध चालतं, गूळ चालतो, भांडण फक्त अळकुडीवर. एका आजोबांनी कंदमूळच ते, चालतं, असा निर्णय देऊन दोन ग्लास रिचवले. त्यांच्या सुनेला तो पटेना, तेव्हा यशोधराबाई म्हणाल्या, "आम्हाला बौद्धांना काय विचारता? तुमचा देव पलीकडेच बसलाय, विचारून या." सूनबाई आत दर्शन घेऊन आली आणि तिनंही एक घेतला. पोरं दुसऱ्यांदा येत होती. प्रीतीला मान वर करायला फुरसत नव्हती.

दुपारी प्रमोद आला. झोपून उठलेला, चेहरा सुजलेला, पण आवाज लग्नघराचा, कारण त्याच्या मुलाचं लग्न तोंडावर आलं होतं. "राजाभाऊ, रविवारी बदलापूरला आमच्या विक्रांतचं लग्न आहे. लक्षात आहे ना? अकराला पातेल्यावर या. राजाभाऊ आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही म्हणून आचाऱ्याला सांगून ठेवलंय."

टेबलापुढे निम्मे लोक ओळखीचे होते. प्रीतीनं पटकन दुसरीकडे पाहिलं. ती काही बोलणार नव्हती, यशोधराबाईही नाही. राजाभाऊंनी नुसतं हो म्हणायचं होतं.

"मला चव लागत नाही, प्रमोद," राजाभाऊ म्हणाले. "चार वर्षं झाली."

प्रमोद हसला. मग हसायचा थांबला. "आणि माझ्या मेव्हणीच्या लग्नात मीठ सांगितलंत ते?"

"ठोकून दिलं."

"पण मीठ बरोबर झालं होतं, राजाभाऊ! लोक बोटं चाटत होते!"

"ते आधीच बरोबर होतं. चारशे माणसांच्या रश्शाला चिमटीनं काय होणार?" राजाभाऊंनी बायकोकडे हात केला. "हिला ने. हिची जीभ खरी आहे. माझ्यापेक्षा चांगली आहे, मला चव होती तेव्हासुद्धा असेल. मी कधी विचारलंच नाही."

लोक बघत होते. यशोधराबाई ग्लासात मोती टाकत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"येईन," त्या म्हणाल्या. "पण अकराला नाही भावजी, दहाला येईन. काही बिघडलं असेल तर सुधारायला वेळ नको का?"

राजाभाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ते पंगत बसायच्या पाच मिनिटं आधी जात आले होते, आणि हे त्यांना कधीच सुचलं नव्हतं.